कोऱ्या कागदाचे भय



चौदा एप्रिल जवळ आला की आमच्या अंबडमध्ये दोन दुकानांतले दिवे रात्री उशिरापर्यंत विझत नाहीत. एक मंडपवाल्याचे आणि दुसरे फ्लेक्सवाल्याचे. मंडपवाल्याचा विषय आज नको. फ्लेक्सच्या दुकानात संगणकापुढे जी मुले बसतात, त्यांच्याविषयी चार गोष्टी बोलायच्या आहेत. त्यातली बरीच मुले आपल्याच घरांतली. बाप मिस्त्रीच्या हाताखाली, आई शेतात नाहीतर मोंढ्यात, आणि पोरगा कोरलड्रॉ-फोटोशॉप शिकून घरात चार पैसे आणतो. विचारले तर स्वतःला डिझायनर म्हणवतो. म्हणवावेच. जो कामाची मांडणी करतो तो डिझायनर, मग त्याच्या दुकानाला पत्र्याचे छत असो की काचेचे दार.

मागच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक बाई माझ्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता म्हणून इचारते. आमचं पोरगं बॅनर बनवतंय. आठ दिवस झाले, काम्प्युटरपुढं बसतंय आन् उठतंय. नीट जेवत नाही. म्हणतंय, आई, मला काही सुचंना, मी हे काम सोडतो, कंपनीत हमालीला जातो. त्याला कुणी काही केलं तर नसंल ना?"

शेजारणीने म्हणे अंगारा सुचवला होता. तो रस्ता आपण १९५६ साली नागपूरला सोडून आलो, हे मी बाईंना तिथल्या तिथे सांगितले. पण त्यांची काळजी खोटी नव्हती. पोराने काम सोडले असते तर घरात येणारे सात-आठ हजार रुपये बंद झाले असते आणि धाकटीची अकरावीची फी त्यातूनच जाणार होती. म्हणून संध्याकाळी त्या मुलाला गाठले.

मुलगा चुणचुणीत. वय बावीस. गेली तीन वर्षे तो ठरलेल्या साच्यात फोटो बदलून बॅनर काढून देत होता आणि त्यात त्याला कधी भीती वाटली नाही. यंदा मंडळाने सांगितले, "या खेपेला काहीतरी वेगळं पाहिजे. दुसऱ्या गावच्या लोकांनी थांबून बघावं असं." झाले. त्याने मोबाइलवर दोनशे चित्रे साठवली. कुठलेही उघडले की वाटे, हे तर झालेले आहे, आणि आपल्याला याच्याइतके जमणार नाही. म्हणाला, "काका, कोरी स्क्रीन उघडली की छातीत धडधडतं. मग मी जुनीच फाइल उघडतो आन् बंद करतो."

हा आळस नव्हे, आणि आजार तर मुळीच नव्हे. ज्याला कुणाला नवे काही करायचे असते त्याला हे धडधडणे ठाऊक असते. लग्नात पहिल्यांदा भाषणाला उभा राहणारा माणूस, पहिली पोळी लाटणारी मुलगी, पहिली भिंत उचलणारा गवंडी, सगळे यातून गेलेले असतात. फरक इतकाच की गवंड्याला उस्ताद असतो. तो मागे उभा राहून ओळंबा धरतो. संगणकापुढे बसलेल्या पोराच्या मागे कुणी उभे नसते. तिथे दुकानमालक असतो आणि तो "झालं का?" एवढेच विचारतो.

म्हणून मी त्याला आमच्या भागातल्या एका जुन्या पेंटरमामांकडे नेले. फ्लेक्स येण्याआधी तालुक्यातल्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, जयंतीचे फलक हे सगळे पेंटरांच्या हातचे असे. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या दिवसांत तर या लोकांना उसंत नव्हती. १९७८ च्या जुलैत विधिमंडळाने ठराव केला, त्यानंतर साडेपंधरा वर्षे ज्या नावासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या, घरे जळालेली पाहिली, ते नाव भिंतीवर लिहायचे होते. त्या नावाला एक काना चुकून चालणार नव्हता. मामा सांगतात, हात थरथरत होता, पण लिहायला घेतल्यावर थांबला नाही.

मुलाने विचारले, "मामा, तुम्हाला भ्या वाटत नव्हतं?"

मामा म्हणाले, "वाटायचं की. पण आधी खडूनं लिहायचं असतं बाबा. खडू पुसतो."

या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ अडकलो. खडू पुसतो. मामांची सगळी रीतच त्यावर उभी होती. आधी निळीत बुडवलेली दोरी दोन टोकांना ताणून भिंतीवर सूत मारायचे, म्हणजे सरळ रेघ उमटते. मग शब्दातली अक्षरे मोजायची आणि मधल्या अक्षरापासून दोन्ही बाजूंना खडूने आखत जायचे, म्हणजे शेवटचे अक्षर भिंतीच्या कोपऱ्यात चेंगरत नाही. मग रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहायचे. एक इंच उंचीचे अक्षर साधारण दहा फुटांवरून आरामात वाचता येते. पन्नास फुटांवरून वाचायचे असेल तर पाच इंचांचे अक्षर हवे. पलीकडून वाचता आले नाही तर ओल्या फडक्याने पुसायचे आणि पुन्हा आखायचे. हे तीन-चार वेळा झाले की मगच ऑइलपेंटचा डबा उघडायचा. डबा उघडेपर्यंत भीतीचे बरेचसे काम खडूने उरकलेले असे.

यावर कुणी म्हणेल, संगणकावर तर खडूपेक्षा सोपे आहे. एक बटण दाबले की केलेले पुसले जाते. मग पोराला भीती कशाची? मलाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर त्या मुलाची स्क्रीन पाहताना मिळाले. संगणकावर पहिलीच रेघ इस्त्रीचे कपडे घालून येते. अक्षर टाकले की ते छापल्यासारखे गुळगुळीत दिसते आणि रंग भरला की काम झाल्यासारखे वाटते. त्यामुळे कच्चे काम कच्चे वाटतच नाही. ते फसलेले पक्के काम वाटते. शेजारच्या खिडकीत मोठ्या शहरातल्या कुणा जाणत्या माणसाचे पूर्ण झालेले चित्र उघडलेले असते. आपल्या पहिल्या मिनिटाची तुलना त्याच्या महिन्याभराच्या कष्टाशी होते आणि पोरगा हरतो. न हरला तरच नवल!

म्हणून मामांनी त्याला पेन्सिल दिली आणि जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे पाठकोरे. म्हणाले, काडेपेटीएवढ्या चौकटी पाड. तासाभरात वीस कर. त्यात पंधरा भिकार आल्या पाहिजेत, नाही आल्या तर मी घेणार नाही. मुलगा हसला, आणि मला वाटते त्याचे अर्धे दुखणे तिथेच गेले. भिकार काढायची परवानगी मिळाली की हात मोकळा होतो.

ही काही मामांच्या डोक्यातून निघालेली युक्ती नाही. जगभरचे कारागीर असेच वागत आले आहेत. आपण रोज जी छापील मराठी अक्षरे वाचतो, त्यांचीच गोष्ट घ्या. मुंबईला गणपत कृष्णाजी नावाचे भंडारी समाजातले गृहस्थ होते. मिशनऱ्यांचे छापखाने पाहून त्यांना वाटले, हे आपल्यालाही करता येईल. त्यांच्याजवळ ना यंत्र होते, ना शिक्षक. त्यांनी लाकडाचे यंत्र स्वतः करून पाहिले, शिळाछापासाठी दगडाचे तुकडे घेऊन प्रयोग केले, शाई घरी घोटली. १८३१ साली त्यांनी मराठी पंचांग छापून काढले. सनातनी लोक तेव्हा छापलेल्या कागदाला शिवत नसत, कारण शाईत चरबी असते म्हणत. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली असे सांगतात. आपल्याला पंचांगाशी कर्तव्य नाही, पण माणसाची धडपड पाहावी. पुढे त्यांनी अक्षरांचे खिळेही स्वतः तयार केले.

त्यानंतरचे जावजी दादाजी. जन्म १८३९ चा. घरची गरिबी, शाळा बेताची. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात महिना दोन रुपयांवर खिळे घासायला लागलेले पोर. त्यांनी १८६४ साली स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांचे जोडीदार राणूजी रावजी आरू हे अक्षरे कोरण्यात तरबेज. या दोघांच्या हातची देवनागरी पुढे किती तरी वर्षे सुबकपणाचे माप मानली गेली.

अक्षर कोरण्याचे काम कसे चालते ते ऐकण्यासारखे आहे. पोलादाच्या बोटभर कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, तेही तांदळाच्या दाण्याएवढे. एकदा जास्त घासले गेले की कांडी वाया. मग कारागीर काय करतो? थोडे कोरतो, कांडीचे टोक दिव्याच्या ज्योतीवर धरतो, त्यावर काजळी बसते, आणि ते कागदावर टेकवतो. काजळीचा ठसा उमटतो. पाहतो, पुन्हा घासतो, पुन्हा काजळी धरतो. असे एका अक्षराचे कितीतरी ठसे होतात. खडू काय, काजळी काय, गोष्ट एकच. मोठा डाव लावण्याआधी स्वस्तातला डाव खेळून पाहायचा.

आता मी स्वतः कारकून माणूस, बी.कॉम. झालेला, माझा जन्म टिपण्या लिहिण्यात चाललेला. पण आमच्या कचेरीत संगणकावर जे मराठी टंकलेखन होते त्यातही एका मराठी माणसाचा हात आहे. संगणकावरचा 'मंगल' हा अक्षरसंच र. कृ. जोशी यांनी घडवला. ते मुंबईच्या आय.आय.टी.त शिकवत असत, २००८ साली वारले. आणि कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षके अशी काढली की नाव वाचून होण्याआधी नाटक ऐतिहासिक आहे की हसवणारे ते कळे. अक्षर म्हणजे नुसते वाचायचे नसते, ते चेहरा असते, हे त्यांच्याकडून शिकावे. आमच्या फ्लेक्सवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' एकाच नाचऱ्या अक्षरात लिहिलेले दिसते तेव्हा वाईट वाटते.

परंतु काही भीती खडूने पुसली जात नाही. काम अर्ध्यावर आल्यावर सगळेच कोसळले तर? इथे मला अजिंठा आठवतो. आपल्याकडून दरवर्षी बसगाड्या भरून लोक तिथे जातात, एक नंबरचे लेणे पाहतात, पद्मपाणीसमोर हात जोडतात, सव्वीस नंबरच्या महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपाशी फोटो काढतात आणि परत येतात. चार नंबरच्या लेण्यात फारसे कुणी थांबत नाही. या खेपेला थांबा.

चौथे लेणे हा अजिंठ्यातला सर्वांत मोठा विहार. इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात तो कोरायला घेतला. बेत भलताच मोठा होता. लेणे कोरताना छतापासून सुरुवात करून खाली खाली येतात, म्हणजे पायाड बांधावी लागत नाही. पण डोंगर म्हणजे काही एकसंध दगड नव्हे. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले असतात आणि दोन थरांच्या सांध्यात दगड कच्चा असतो. या लेण्याचे छत नेमके अशा कच्च्या जागी आले आणि त्याचे मोठाले भाग निखळून पडले. कल्पना करा, आपण आणि आपल्या बापाने छिन्नीने घासघासून केलेले छत खाली पडले आहे.

त्या कारागिरांनी काय केले? पडलेला कच्चा दगड काढून टाकला आणि आणखी वर, पक्क्या थरापर्यंत खोदत गेले. छत उंच केले. आज त्या लेण्यात शिरल्यावर वर पाहिले की उंचीने मान मागे जाते आणि छतावर लाव्हा वाहत गेल्याच्या मूळ खुणाही दिसतात. ती उंची सगळी आधीच्या आराखड्यात नव्हती. ती पडझडीतून आली. लेणे पुढे पूर्ण झालेच नाही. कितीतरी जागा खडबडीत राहिल्या. तरीही गाभाऱ्यात भगवंताची भव्य मूर्ती बसवली गेली, तिच्या पीठावर मथुर नावाच्या दात्याचा लेख आहे, आणि दीड हजार वर्षांनी आपण तिच्यापुढे उभे राहतो. चोविसाव्या लेण्यात तर खांब अर्धवट कोरलेले राहिले आहेत. त्यावर छिन्नीचे घाव असे दिसतात की कारागीर आत्ताच जेवायला गेला असावा. ज्याला घडवण्याचे काम शिकायचे आहे त्याने अजिंठ्यात पूर्ण झालेल्या लेण्यांइतकाच वेळ अपुऱ्या लेण्यांना द्यावा, असे माझे मत आहे. पूर्ण काम पाहून माणूस दिपतो. अपुरे काम पाहून रीत कळते.

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकलांचीही अशीच गोष्ट आहे. मेजर रॉबर्ट गिल या इंग्रजाने १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षे तिथे राहून मोठमोठ्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२ पासून जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स साहेब आणि त्यांच्या मुंबईच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा सगळे काढायला घेतले. तेरा वर्षे ते काम चालले आणि १८८५ साली त्यातल्याही बऱ्याच नकला लंडनलाच आगीत गेल्या. पण मुंबईच्या पोरांचे हात त्यात तयार झाले, ते काही आगीत गेले नाहीत.

आता दुसऱ्या भीतीकडे येतो. ती कागदाची नसून माणसांची आहे, आणि आपल्या घरांत तीच जास्त आहे. "हे आपलं काम नव्हे." "तुमच्या लोकांना काय कळतं कलेतलं?" अशी वाक्ये कुणी तोंडावर बोलतो, कुणी नुसत्या नजरेने. गंमत अशी की ज्यांनी पिढ्यान्पिढ्या चामडे कमावले, जोडा शिवला, दोर वळला, टोपली विणली, ढोलाला साज चढवला, त्यांनाच कला कळत नाही म्हणायचे. हाताने वस्तू घडवणे म्हणजेच तर हे काम. नाव इंग्रजी झाले आणि पगार वाढला तेव्हा ते दुसऱ्यांचे झाले.

मुंबईच्या सुधीर राजभर या कलाकाराचे उदाहरण घ्या. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला आणि धारावीतल्या कातडे काम करणाऱ्या कितीतरी कारागिरांच्या हातातले काम गेले. कच्चा मालच मिळेना. राजभर यांनी त्या कारागिरांना बरोबर घेतले आणि टाकाऊ टायर-ट्यूबच्या रबरापासून केलेले पत्रे वापरून पिशव्या करायला सुरुवात केली. शिलाई तीच, हत्यारे तीच, हात तेच. कातड्याच्या जागी रबर आले. आणि नाव काय दिले? 'चमार स्टुडिओ'. जो शब्द शिवी म्हणून फेकला जातो तोच त्यांनी मालावर छापला. २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मायामीच्या डिझाइन प्रदर्शनात त्यांच्या रबराच्या खुर्च्या मांडल्या होत्या. त्या शब्दाविषयी आपल्यात दोन मते असू शकतात आणि मी ते मत कुणावर लादत नाही. पण माल नाहीसा झाल्यावर हात जोडून बसायचे की हातात दुसरा माल घ्यायचा, याबद्दल दोन मते नसावीत.

घरातली भीती यापेक्षा साधी असते. "चित्रं काढून पोट भरतं का?" हा प्रश्न बापाने विचारला तर मी बापाला दोष देत नाही. त्याने उपाशी दिवस पाहिलेले असतात. पण त्याने इतके तरी पाहावे की आज औषधाच्या खोक्यापासून बसच्या तिकिटापर्यंत प्रत्येक वस्तूवर कुणीतरी मांडणी केलेली असते आणि त्याचे पैसे घेतलेले असतात.

तिसरी अडचण गिऱ्हाइकाची. ही मात्र हसण्यावारी न्यावी अशी आहे. मागे एका बॅनरवर मी सत्तावीस चेहरे मोजले. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार, सहखजिनदार, मार्गदर्शक, आणि मार्गदर्शकांचे चिरंजीव. बाबासाहेब वरच्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढे. जयंती कुणाची तेच कळेना. डिझायनर पोराने काही सुचवले तर म्हणतात, "तू फोटो बसव." अशाने चांगल्या चांगल्याचे सुचणे बंद होईल. कार्यकर्त्यांनो, मीही तुमच्यातलाच आहे म्हणून सांगतो, जागा सोडायला शिका.

जागा सोडणे म्हणजे काय ते आपल्या राष्ट्रध्वजाकडे पाहून समजते. आधीच्या झेंड्यावर पूर्ण चरखा होता. १९४७ साली जी ध्वज समिती नेमली तिच्यात बाबासाहेब सदस्य होते. २२ जुलै १९४७ ला घटना समितीने जो ध्वज स्वीकारला त्यावर चरख्याऐवजी अशोकाचे धम्मचक्र आले, चोवीस आऱ्यांचे. त्यामागे इतिहासाचा विचार होताच, पण एक साधी मांडणीची अडचणही होती, जी त्या दिवशी नेहरूंनी सभेत सांगितली. चरखा एका बाजूने सरळ दिसतो, झेंड्याच्या दुसऱ्या बाजूने उलटा. चक्राला उलट-सुलट नाही. वाऱ्यावर झेंडा कसाही फडकला तरी ते तसेच दिसते. चरख्यातली चाती गेली, माळ गेली, उरले ते चाक. इतके काढून टाकण्याची हिंमत केली म्हणून ते चिन्ह लहान मूलही पाटीवर काढू शकते.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. त्याने पत्रिकांच्या पाठीवर तीस-चाळीस चौकटी काढल्या. त्यातली एक मंडळाला दाखवली: पांढरी जागा, खाली निळ्या रंगात शाळेच्या बाकावरची एक मुलगी पाठमोरी, आणि फळ्यावर तारीख. चेहरा एकही नाही. मंडळात दोन तास वादावादी झाली. शेवटी ठरले की कार्यकर्त्यांच्या फोटोंचा वेगळा छोटा फलक करायचा आणि कमानीवर हा लावायचा. खजिनदार अजून नाराज आहेत. मुलगा सध्या जेवतो आहे. दुकानही त्याने सोडलेले नाही. पुढच्या कामाला पुन्हा धडधडेल, ते त्यालाही ठाऊक आहे.

हल्ली नवीन एक भीती आली आहे, तिचाही उल्लेख करतो. मोबाइलवर एक वाक्य लिहिले की चित्र काढून देणारी यंत्रे निघाली आहेत. दुकानातली पोरे म्हणतात, आता आमचे काय? माझे निरीक्षण असे की यंत्र चित्र झटक्यात देते, पण आपल्या जोडाक्षरांची अजूनही अनेकदा वाट लावते. शिवाय अंबडच्या बारवेच्या पायऱ्यांवर संध्याकाळचे ऊन कसे उतरते, मोंढ्यात पोते उचलताना आपल्या बापाची पाठ कशी वाकते, हे त्याने पाहिलेले नाही. आपल्या पोराने पाहिले आहे. ते कागदावर आणायची सवय मात्र हवी. रोज एक वस्तू, समोर ठेवून, दहा मिनिटे. चप्पल, स्टोव्ह, आजीचा हात. यंत्र वापरावे, वापरू नये असे मी म्हणत नाही. पण आधी हात तयार असावा, म्हणजे यंत्राने चूक केली तर ती दिसते.

आता आईबापांसाठी थोडी कामाची माहिती. शाळेत असतानाच मुलांना शासकीय रेखाकला परीक्षांना बसवावे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन परीक्षा कला संचालनालय घेते आणि अर्ज शाळेमार्फत जातात. इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला वाढीव गुणही मिळतात. चित्रकलेचे शिक्षक नाहीत अशी सबब शाळेने सांगितली तर पालकांनी मुख्याध्यापकांना भेटावे. बारावीनंतर कलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी असते. डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड नावाची परीक्षा मुंबईची आय.आय.टी. घेते आणि तिला बारावीच्या कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो. विज्ञान शाखाच हवी असा काही नियम नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे आर्ट्स घेतले की सगळे संपले असे समजतात. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ पासून चालू आहे, तिची प्रवेश परीक्षा वेगळी असते. या परीक्षांत घोकंपट्टी कमी आणि पाहणे-काढणे-विचार करणे जास्त असते.

फीच्या भीतीने मागे फिरू नये. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे आणि १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिणाऱ्यांनाही तो हक्क आहे. अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. त्याला जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्रही लागते, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. लोक बारावीचा निकाल लागल्यावर पळापळ करतात. तो अर्ज अकरावीतच टाकावा. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा आणि घरातले जुने कागद आत्तापासून एका पिशवीत जमा करून ठेवावेत. कागदाचे काही अडले तर मला कचेरीत भेटावे. सोबत मुलाने किंवा मुलीने काढलेली चित्रे आणली तर पाहायला आवडतील.